खिडकीजवळचा चेहरा

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकू पाहणाऱ्याच्या हाती आपल्याकडील कित्येक वर्गांत प्रथम एक छायाचित्र दिले जाते, त्यावर चौकटी आखून नाकडोळे कॅनव्हासवर उतरवून घेतले जातात, आणि चेहरा पुरा झाल्यावर उरलेल्या जागेत पार्श्वभूमी म्हणून तपकिरी रंग भरला जातो. मी दोन वर्षे अशाच एका वर्गात काढली. हाताला वळण लागले हे कबूल करूनही, त्या मुदतीत माझ्या डोळ्यांना काहीच शिक्षण मिळाले नाही, असे मला म्हणावे लागते. विशेषतः दृक्प्रत्ययवादी पद्धतीने घरात बसलेले माणूस रंगवायचे असेल, तर हा शिरस्ता मोडल्यावाचून गत्यंतर नाही, असे माझे ठाम मत आहे.

बर्थ मोरिसो हिचे ‘पाळणा’ हे 1872 सालचे चित्र याचा उत्तम दाखला आहे. पॅरिसमध्ये 1874 साली भरलेल्या दृक्प्रत्ययवाद्यांच्या पहिल्या प्रदर्शनात ते मांडले होते. आज ते तेथील ओर्से संग्रहालयात आहे. निजलेल्या तान्ह्या मुलीकडे पाहत बसलेली माता म्हणजे बर्थची बहीण एद्मा. तीही एके काळी बर्थच्या बरोबरीने चित्रे काढीत असे, पण 1869 साली विवाह झाल्यावर तिचे रंगकाम सुटले. त्या चित्रातील पाळण्याची जाळी पाहावी. ती पांढरी आहे असे आपण म्हणतो खरे, परंतु त्या पांढऱ्यात निळसर, करड्या आणि गुलाबी छटा अशा मिसळल्या आहेत की निव्वळ पांढरा रंग शोधूनच काढावा लागतो. याउलट एद्माच्या गळ्यातील फीत खरोखर काळी आहे. काळा रंग वर्ज्य नाही. वस्तू काळी असेल तेथे तो अवश्य वापरावा, सावली दाखविण्यासाठी मात्र त्याची योजना करू नये.

हे मला वाचून पटले नाही, ते आत्यामुळे पटले. सकाळी नऊच्या सुमारास, उन्हाची तिरीप थेट येत नाही अशा खिडकीपाशी तिला बसविले, आणि सवयीने तिच्या सावलीतल्या गालासाठी बर्न्ट सिएनामध्ये काळा मिसळला, तो गालाला काजळी फासल्यासारखे दिसू लागले. पॅलेट नाइफने तो सारा थर खरवडून काढला, डोळे किलकिले करून पुन्हा पाहिले, आणि तेव्हा कुठे ध्यानात आले की कपाळावर आकाशाचा थंड निळसर उजेड आहे, सावलीचा गाल त्यामानाने उबदार तांबूस आहे, आणि हनुवटीखाली तिच्या हिरव्या लुगड्याचे प्रतिबिंब स्पष्ट पडले आहे. लुगडे रंगविल्यावाचून ती हनुवटी रंगविता येणार नव्हती. तेव्हापासून मी चेहरा, भिंत, खुर्ची आणि वस्त्र यांचे रंग पहिल्याच बैठकीत, टर्पेंटाइनने पातळ करून, एकदमच मांडतो. नाकडोळे मागाहून येतात.

माणूस हलते, उजेड सरकतो, छायाचित्र मात्र स्थिर राहते, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु अशा खोलीत छायाचित्र घेतले तर बहुधा खिडकी कोरी पांढरी होते, नाहीतर सावलीतला गाल काळवंडतो; म्हणजे चित्रकाराला ज्या मधल्या छटांतच काम करायचे, त्याच नेमक्या गहाळ होतात. उजेड बदलला की दीड-दोन तासांनी ब्रश खाली ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसावे. घरच्या माणसांना एवढी विनंती करण्यात संकोच कसला? वर्ग चालविणाऱ्यांनीही आठवड्यातून एक सकाळ खिडकीशेजारी जिवंत माणूस बसविण्याची तरतूद करावी, आणि त्या दिवशी छायाचित्रे कपाटात कुलूपबंद ठेवावीत.