पाठराखीण

मोठं सामान आठवडाभर आधीच ट्रकनं डेहराडूनला रवाना झालं होतं. उरलं होतं ते माझ्या वॅगनआरमध्ये मावेल तेवढंच. पोळपाट-लाटणं, लोखंडी तवा, मिसळणाचा डबा, गोड्या मसाल्याच्या दोन बरण्या, आईचा पितळी खलबत्ता, पुस्तकांची तीन खोकी आणि मागच्या सीटच्या पायाशी विटांचे तुकडे लावून घट्ट बसवलेली तुळशीची कुंडी. पौर्णिमेला तिचं लग्न लावलं, त्याला तीन दिवस झाले होते. कार्तिक वद्य तृतीया. पहाटे साडेपाचला मैत्रीण रिक्षातून उतरली. एका हातात छोटी बॅग, दुसऱ्या हातात दशम्या आणि तिळाच्या चटणीची पिशवी. तुळशीकडे बघून म्हणाली, "हिला रोज फिरव हं. उत्तरेला जाताना ऊन एकाच अंगाला लागतं."

एक्कावन्नाव्या वर्षी मला डेहराडूनच्या एका निवासी शाळेच्या ग्रंथालयात तीन वर्षांची नेमणूक मिळाली. घरी सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे नवऱ्याला नाशिक सोडता येईना. गाडी तिकडे लागणारच होती. मी ती ट्रकवर चढवून पाठवायच्या विचारात होते. मैत्रिणीला फोनवर सहज बोलले, तर ती म्हणाली, "कशाला? मी येते की सोडायला." तीस वर्षं सरकारी इस्पितळात परिचारिका म्हणून काढून ती त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाली होती. "येऊ का?" असं तिनं विचारलं नाही, "येते" म्हणाली. आमच्या मैत्रीत बहुतेक गोष्टी अशाच ठरत आल्या आहेत.

माझ्या आजीच्या बोलण्यात एक शब्द नेहमी यायचा, पाठराखीण. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची कुणी तरी जायची. कधी धाकटी बहीण, कधी आत्या, कधी आळीतली एखादी पोक्त बाई. चार-आठ दिवस राहायची आणि परतायची. तिला काम असं काही नेमून दिलेलं नसे. नवरीच्या शेजारी झोपायचं, तिच्या पंगतीला बसायचं, तिला भूक लागली असेल तर तिच्या वतीनं सांगायचं. आजी सांगायची, "सासरचं घर पहिल्या दिवशी अंगावर येतं. तेव्हा पाठीशी आपलं माणूस असावं, पुढं कुणी नसलं तरी चालतं." आता लग्नानंतर पाठराखीण फारशी कुणी पाठवत नाही, पाठवण्याचं कारणही फारसं उरलेलं नाही. पण ओझरच्या पुढे उजाडायला लागलं आणि शेजारी ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून शांत बसलेली दिसली, तेव्हा तो शब्द मला कितीतरी वर्षांनी आठवला.

नाशिकची माणसं या रस्त्याला अजूनही आग्रा रोड म्हणतात. लहानपणी वाटायचं, हे नुसतं नाव आहे. चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल, मग मालेगाव, धुळं, सोनगीर. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे याच बाजूनं उत्तरेला गेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढाच त्यांचा हेतू. पुढे बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला आणि अडीच-तीन वर्षांनी गंगेची कावड घेऊन परत आले. 'माझा प्रवास' छापून निघालं ते १९०७ साली. मी ग्रंथपाल असल्यानं ते पुस्तक पुष्कळ वाचकांच्या हाती दिलं आहे आणि प्रत्येक वेळी लढायांचीच चर्चा ऐकली आहे. मला त्यात आधी दिसतो तो त्यांच्याबरोबर असलेला रामभटकाका. एवढ्या धामधुमीत तो पुतण्या आणि तो काका एकमेकांना धरून राहिले. तरुण विष्णुभटांना घरच्यांनी एकट्यानं सोडलं असतं का? मला नाही वाटत.

शिरपूरच्या अलीकडे तापी ओलांडली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बाया ओट्या भरून बांधाकडे येत होत्या. पळासनेर संपलं, बिजासनचा घाट चढलो आणि पाट्यांवरचं मराठी गेलं. दुपारी खलघाटला नर्मदा. पुलावर थांबता येत नाही, म्हणून आम्ही पलीकडे जाऊन काठावर उतरलो. मैत्रिणीनं पाण्यात रुपया टाकला, मग पाणी डोळ्यांना लावलं. मी तिला सांगितलं, "इकडं आता मार्गशीर्ष लागला बरं का." तिला कळेना. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे नाव एकच असतं, वद्य पक्षात मात्र त्यांचा महिना आपल्यापुढे एक पाऊल जातो. म्हणजे सकाळी आम्ही कार्तिकात निघालो आणि त्याच दिवशी, त्याच तिथीला, नदीच्या या काठावर मार्गशीर्षात आलो. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मग तू माझ्या एक महिना पुढे राहणार."

त्या रात्री महेश्वरला मुक्काम केला. संध्याकाळी घाटावर बसलो असताना एक नाव दिवे घेऊन मधोमध गेली आणि परत आली. वरच्या वाड्यात अहिल्याबाईंची साधी बैठक पाहिली होती, तिचाच विचार दोघींच्या मनात असावा. काशीपासून सोमनाथपर्यंत यात्रेकरूंसाठी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणाऱ्या या बाई स्वतः चौंडीहून निघाल्या तेव्हा लहान पोर होत्या. मैत्रिणीनं विचारलं, "चौंडीहून हिच्याबरोबर कोण आलं असेल गं?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्या वाचनात ते कुठे आलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशीचा पल्ला लांबचा होता. इंदूर बाहेरूनच टाकलं आणि देवासला पोह्यांसाठी थांबलो. वर शेव आणि जिरावण. गाडीवरचं एमएच १५ बघून शेजारच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "नाशकाहून आलात का?" मराठी स्वच्छ, पण चाल हिंदीची. त्यांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर आलेले. देवासला पवार भावांची थोरली आणि धाकटी अशी दोन संस्थानं होती, त्यातल्या धाकटीकडे त्यांचं घराणं. "आम्ही आता इथलेच आहोत," ते म्हणाले, "पण घरात भांडण मराठीतच होतं." त्यांनी महाराष्ट्र पाहिला तो दोनदा, पंढरपूरच्या वारीला. मी डेहराडूनला चालले आहे म्हटल्यावर त्यांनी इतकंच विचारलं, "तिथं पोहे मिळतात का?"

देवास म्हटलं की मला कुमार गंधर्व आठवतात. १९४८ साली क्षयानं खंगलेला तेवीस वर्षांचा तो गायक इथल्या कोरड्या हवेसाठी आला. डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. काही वर्षं अंथरुणावर पडून त्यांनी ऐकली ती रस्त्यानं जाणाऱ्या माळवी बायांची गाणी, आणि पुढे तीच त्यांच्या गायकीत उतरली. मुंबईला परतायची मुभा असूनही ते १९९२ साली जाईपर्यंत देवासलाच राहिले. मी हे सांगत होते तेव्हा मैत्रीण गाडी चालवत होती. ती गाण्याबद्दल काही बोलली नाही. तिनं विचारलं, "त्यांचं करत कोण होतं?" भानुमतीबाई, मी म्हटलं. "स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच येत होतं," ती म्हणाली. "मिळवायचं म्हणजे काय दिव्य असेल! आणि घरात क्षयाचा पेशंट म्हणजे शेजारी पाणी देत नसत." आजवर मी कुमारांचं देवास त्यांच्या कानांनी ऐकत आले होते. ती त्या खाटेजवळ उभी राहून बघत होती.

गुण्याच्या पुढे टायर बसला. एका ट्रकवाल्यानं न विचारता गाडी थांबवून स्टेपनी लावून दिली. पुढच्या गावात पंक्चर काढून घेताना दुकानातला मुलगा म्हणाला, "आप लोग अकेली जा रही हैं?" असं आम्हाला त्या प्रवासात पाच-सहा जणांनी विचारलं असेल. पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, लॉजच्या काउंटरवर. सगळ्यांनी काळजीनंच विचारलं. पण दर वेळी मला ते लागलं. शेजारी शेजारी दोन बायका उभ्या आहेत आणि समोरचा म्हणतो, अकेली! दोन पुरुष असते तर त्यांना कुणी एकटे म्हटलं नसतं. मैत्रीण मात्र प्रत्येकाला तेच उत्तर देत होती, "अकेली कहाँ, मैं हूँ ना साथ में." त्या मुलाला ते पटलं. हसला आणि त्यानं हवेचे पैसे घेतले नाहीत.

शिवपुरीला पोचायला रात्र झाली. सकाळी निघताना तात्या टोप्यांच्या पुतळ्यापाशी थांबलो. येवल्याचा माणूस. आमच्याच जिल्ह्यातला. १८ एप्रिल १८५९ रोजी त्याला इथं फाशी दिली. ते घरापासून किती लांब आहे हे दोन दिवस गाडी चालवल्यावर हाडांना कळतं.

ग्वाल्हेर गर्दीतून पार केलं. मुरैन्यात थंडीचा पहिला गजक निघाला होता, तो घेतला. मग चंबळ. दोन्ही अंगांना मातीच्या घळ्या आणि खाली इतकं स्वच्छ पाणी की आम्ही दोघी गप्प झालो. घडियाल सुसरींचं हे अभयारण्य. आम्हाला सुसर दिसली नाही. आग्र्याच्या पुढे यमुना एक्सप्रेसवे लागला, १६५ किलोमीटरचा. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तो सरळ आहे आणि झोप आणतो, म्हणून ती मला बोलत ठेवत होती. त्या रात्री नोएडात तिच्या भाच्याकडे गरम पाण्यानं अंघोळ केली.

चौथ्या दिवशी मेरठ, मुझफ्फरनगर. उसाच्या गाड्यांच्या रांगा आणि गुऱ्हाळांचा वास थेट कोल्हापूरची आठवण करून देणारा. मोहंड गेलं आणि शिवालिकचं सालाचं जंगल सुरू झालं. डेहराडूनच्या तोंडाशी डाटकालीचं देऊळ आहे, नवी गाडी घेतली की तिथली माणसं पहिल्यांदा इथं आणतात. आमची गाडी सात वर्षांची. तरी मैत्रीण म्हणाली, "या गावाला ती नवीच आहे." पुजाऱ्यानं आरशाला लाल चुनरी बांधली. बारा महिन्यांच्या आत गाडीची नोंदणी इकडं करून घ्यावी लागेल, एमएच १५ जाऊन यूके ०७ येईल. नाशिकच्या आरटीओचा ना-हरकत दाखला कागदांच्या फायलीत होताच. देवळासमोर उभं राहून मी ती नंबरप्लेट ओल्या फडक्यानं पुसली.

शाळेनं दिलेलं घर दोन खोल्यांचं. खोकी भिंतीला लावलेली, खिडक्यांना पडदे नाहीत आणि हवेत नाशिकच्या जानेवारीसारखा गारठा. तिनं आधी गॅस जोडून घेतला, दूध उतू घातलं, तुळस पूर्वेच्या खिडकीत ठेवली. मग खाटेची दिशा बदलली. "वॉर्डात नवा पेशंट आला की पहिल्या रात्री त्याला दुखण्यापेक्षा परकं छत जास्त त्रास देतं," ती म्हणाली. "म्हणून मी त्याला दिव्याचं बटण दाखवायचे, संडास दाखवायचे आणि हाक मारली तर कोण येईल ते सांगायचे. मग तो झोपायचा." तिनं मला डोळे मिटायला लावले आणि खाटेपासून बटणापर्यंत चालायला सांगितलं. पहिल्या खेपेला मी खोक्याला अडखळले. तिनं खोकं सरकवलं. पाच वेळा चालवलं. पाचव्या वेळी हात नेमका बटणावर पडला.

हाक मारली तर कोण येईल, हे मात्र तिनं त्या रात्री सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गजकाचा डबा घेऊन शेजारच्या दारात गेली आणि तासाभरानं गढवाली बाईंना बरोबर घेऊनच आली. त्यांचं नाव, त्यांच्या सुनेचं नाव, त्यांची गुडघेदुखी, सगळं तिला ठाऊक झालं होतं. "ये मेरी बहन है," तिनं त्यांना सांगितलं.

पाच दिवस राहिली. द्वादशीला मी तिला स्टेशनवर सोडलं. ती दिल्लीला गाडी बदलून नाशिकरोडला जाणार होती. फलाटावर आम्ही फार बोललो नाही. घरी आले, दिवा लावला नाही, अंधारातच खाटेपर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात रजिस्टरं चाळत असताना तिचा फोन आला. मागे पुलाच्या लोखंडाचा खडखडाट, तिचा आवाज त्यात तुटत होता.

"नर्मदा आली," ती ओरडून सांगत होती. "होशंगाबादचा पूल. रुपया टाकला तुझ्या नावानं. ऐकू येतंय का? मी आले बघ परत कार्तिकात."