निकाल गेला कुठे?

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर लिहावे, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. पण आपल्या ग्रंथालयातील जुने वार्षिकांक यंत्राकडून वाचून घेण्याची चर्चा सध्या सुरू आहे, आणि जो तो एकच विचारतो : यंत्राला मराठी अक्षरे ओळखता येतील का? माझ्या मते त्याआधी दुसरेच विचारायला हवे. ओळखलेला मजकूर ते ठेवते कुठे?

या कामासाठी 'टेसरॅक्ट' हा प्रोग्राम मोफत मिळतो. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तो घडला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. त्याला बटणे वगैरे काही नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची : कोणते चित्र वाचायचे, निकाल कोणत्या नावाने ठेवायचा, भाषा कोणती. मी दोन-तीन पानांची छायाचित्रे घेऊन फक्त त्या मधल्या गोष्टीची परीक्षा घेतली.

'निकाल' असे नाव दिले की तो आपणहून पुढे 'डॉट टीएक्सटी' जोडतो. ते शेपूट आपण आधीच लावले असेल, तर फाईलला दोन शेपटे येतात. नसलेल्या फोल्डरचे नाव दिले, तर फाईल तयार करता आली नाही असे तो सरळ सांगतो. हा प्रामाणिकपणा मला आवडला. इथवर ठीक. पण त्याच नावाने दुसरे पान दिले, की पहिल्या पानाचा मजकूर न विचारता पुसला जातो. पडद्यावर हूं की चूं नाही! चाळीस पाने एकाच नावावर चालवली, तर हाती फक्त चाळिसावे उरेल. आणि त्या फाईलीत कोणी आठवडाभर बसून हाताने दुरुस्त्या केल्या असतील, तर त्याही गेल्या.

आणखी एक गंमत. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकच अखंड चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि नुक्ता मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. लिनक्सवर मी दोन्ही तऱ्हांनी तेच नाव दिले, तर एकाच नावाच्या दोन फाईली शेजारी शेजारी उभ्या. यातली दुरुस्त केलेली कोणती, हे कोण सांगणार?

काही मित्र म्हणतात, हे काम संगणकवाल्यांचे. मला पटत नाही. ऱ चा हा घोळ मराठी लिहिणाऱ्यालाच आधी सुचेल. माझे बाबा कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. त्यांना वाचता येत नाही, पण कोणत्या गाळ्यावर उतरवायचे हे विचारल्याशिवाय ते पोते खांद्यावर घेत नाहीत. आपण शिकलेली माणसे मात्र 'संगणक करील' म्हणून मोकळी होतो.

तेव्हा पहिला अंक उघडण्याआधी एक दुपार या परीक्षेला द्यावी. फाईलींची नावे केवळ आकड्यांत, साल आणि पृष्ठांक अशी असावीत. दुरुस्त प्रती वेगळ्या फोल्डरात असाव्यात, जिथे टेसरॅक्टला काही लिहू द्यायचे नाही. आणि दर संध्याकाळी पाने व फाईली मोजून घ्याव्यात. मराठी विभागातून तिघे-चौघे मिळाले तरी पुरे. त्यांतली एक मी आहेच.