फुकटच्या समाजमंदिराआधी कागद वाचा



पडघ्याच्या बाजूला सध्या एका ठेकेदाराचं चकचकीत पत्रक फिरतंय. वर गोडाऊनांचे फोटो, खाली कामांची यादी: जागेची मोजणी, माती भरणी, सपाटीकरण, पाया, लोखंडी शेड, काँक्रीटची लादी, आतला रस्ता, गटार, वीज. आणि सगळ्यात शेवटी 'सर्व सरकारी परवानग्या'. म्हणजे शेठने पैसे टाकायचे आणि तयार गोडाऊनची चावी घ्यायची, मधलं सगळं ठेकेदार बघतो.

आपल्या एका पाड्यावर हाच ठेकेदार येऊन बोलला, "तुम्हाला समाजमंदिर फुकट बांधून देतो." बदल्यात काय? काय नाय, एका कागदावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे. कागदावर मथळा 'रस्त्यास ना हरकत'. मागे जोडलेल्या पानांवर मात्र पाड्याच्या जमिनींचे गट नंबर. रस्ता जातो तीन शेतांतून, गट नंबर त्याच्या कितीतरी पट.

यावरून पाड्यात दोन तट पडलेत. बैठकीत एक पोरगा मला तोंडावर बोलला, "भाऊ, तुम्ही आमचं चांगलं होऊच देत नाय." त्याचा राग खोटा नाही. लग्नाला ताडपत्री बांधावी लागते, पावसात मयत झालं तर माणसं भिजत उभी राहतात. ग्रामपंचायतीकडे मागून मागून थकलो. अशा वेळी कुणी फुकट छप्पर देतो म्हटल्यावर पोरांनी नाही का म्हणावं?

गोडाऊन नकोच, असं माझं म्हणणं नाही. भिवंडीत ती मुंबईच्या जकात नाक्याच्या बाहेर माल ठेवता यावा म्हणून आली. 2017 ला जकात गेली, जीएसटी आला, तरी गोडाऊनं कमी झाली नाहीत. उलट कंपन्यांना आता राज्याराज्यांत बारकी कोठारं नकोत, एकाच जागी मोठं हवं. माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ भरलं, आता नाशिक हायवेने पडघ्याकडे सरकतायत. ती येणारच. आपण त्या पत्रकातलं एकेक काम उलटून बघायचं, एवढंच मी म्हणतो.

माती भरणी घ्या. भाताचं शेत खोलगट असतं म्हणून त्यात पाणी राहतं. गोडाऊनची लादी ट्रकच्या उंचीला पाहिजे, म्हणून तिथे मुरूम ओतून चढ करतात. मग वरच्या अंगाचं पाणी अडतं आणि शेजारच्या शेतात साचतं. भरणी झालेल्या जागेच्या बाजूचं शेत पहिल्या मोठ्या पावसानंतर बघून या, रोपं कुजलेली दिसतील. आणि मुरूम येतो कुठून? कुठल्यातरी पाड्यामागची टेकडी खरवडूनच. तो गौण खनिज आहे. तो काढायला सरकारी परवाना लागतो, रॉयल्टी भरावी लागते. परवाना दाखव म्हणून डंपर थांबवला तर ड्रायव्हर ठेकेदाराला फोन लावतो. ड्रायव्हर बिचारा आपल्यासारखाच, त्याच्याशी भांडू नका.

आता 'सर्व परवानग्या'. सगळ्यात जास्त घाबरायचं ते या दोन शब्दांना. जमीन महसूल संहितेचं 36 अ कलम सांगतं की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकणं, गहाण ठेवणं, भाड्याने देणं, काहीही करायचं तर आधी मंजुरी पाहिजे. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर कलेक्टरची. त्याच्या पुढे किंवा विक्री असेल तर राज्य सरकारची मान्यता घेऊन कलेक्टरची. ही मंजुरी आपल्या सहीने मिळत नसते. पण तिच्या फायलीत लावायला, नाहीतर तिला बगल द्यायला आपली सही लागते: कुळमुखत्यारपत्र, विकास करार, संमतीपत्र, नाव काहीही द्या. भिवंडी तालुक्यातली 72 गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे 1996 च्या पेसा कायद्यानेही आदिवासीची जमीन हातची जाऊ नये यासाठी अधिकार दिलेत. ठेकेदाराला हे ठाऊक आहे. म्हणूनच तो ग्रामसभेत न येता रात्री पाड्यावर येतो.

मजुरीचंही बोलू. माझा सख्खा भाचा याच ठेकेदाराकडे मुकादम आहे. लोक त्याला दलाल म्हणतात, मला ते पटत नाही. दिवाळीनंतर भट्टीवर जाऊन गारा तुडवण्यापेक्षा, बयाणा आणि खर्ची फेडत पावसाळ्यापर्यंत अडकण्यापेक्षा हे काम बरं, असं त्याला वाटलं तर चुकलं कुठे? पण त्याच्या हाताखालच्या पंचवीस माणसांत एकाचीही बांधकाम कामगार म्हणून नोंद नाही. कायद्याने बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर भरायचा असतो. पाच कोटींच्या गोडाऊनवर पाच लाख. तो पैसा कामगारांच्या कल्याणासाठी आहे. पोरांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघात यासाठी. नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो द्यायला कां कूं करतो, कारण दाखला दिला की ही माणसं माझ्याकडे होती हे कबूल करावं लागतं. भाच्याने त्या पंचवीस जणांची हजेरी स्वतःच्या वहीत लिहायला घेतलीय. त्याच्या मामीने त्याला ते करायला लावलं, मी नाही.

राहिलं समाजमंदिर. ज्या जागेवर बांधणार म्हणतात तिचा सातबारा आम्ही काढला. नाव निघालं ज्याचं गोडाऊन होणार त्या शेठचंच. म्हणजे बांधकाम त्याच्या जागेत, उद्या कुलूपही त्याचं. लग्नाची तारीख आपण त्याला विचारून काढायची.

ठेकेदाराला द्यायचंच असेल तर पाड्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत द्यावं, ग्रामसभेत सगळ्यांसमोर लेखी द्यावं, आणि गट नंबरांची पानं घरी ठेवून यावं. तेवढं केलं तर पहिली कुदळ मारायला मी येतो.

ज्यांनी आधीच सह्या केल्यात त्यांनी लाजून घरात बसू नये. फसून दिलेली संमती मागे घेतो असा अर्ज तहसीलदार आणि कलेक्टर, दोघांकडे द्यायचा, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठायचं नाही. 36 अ मोडून जमीन गेली असेल तर ती परत देण्याचा अधिकार कलेक्टरला आहे. पुढच्या बैठकीला येताना चालू सातबारा, फेरफार आणि त्या कागदाचा फोटो असेल तर तो आणा. वाचता येणारी शाळेतली एक पोर प्रत्येक घरातून बरोबर आणली तर काम लवकर उरकेल.