पाया कोणी घालायचा?

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ऑन्टारिओ प्रांत अंधारात बुडाला. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. झाडांना टेकलेल्या वीजवाहिन्या हे निमित्त झाले खरे. परंतु ओहायोतील नियंत्रण कक्षाला धोक्याची सूचना मिळालीच नाही, हे त्याहून गंभीर. एकाच खतावणीत दोन कारकुनांनी एकाच क्षणी नोंद करावी आणि खतावणीच बिघडावी, तसे तेथील संगणकात घडले व सूचना देणारी यंत्रणा मूक झाली.

एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांत शिस्त कशी राखावी, हा प्रश्न जुना आहे. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्येच त्याची नेमकी मांडणी केली होती. २००५ च्या सुमारास प्रोसेसरचा वेग वाढविण्याची वाट खुंटली आणि एका चिपवर अनेक प्रोसेसर बसू लागले. तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येकाच्या खिशातील फोनपर्यंत येऊन पोहोचला आहे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलची, म्हणजे सुमारे ८,७०० ओळींची, अचूकता गणिताने सिद्ध केली. मात्र ती सिद्धता एकाच प्रोसेसरवर चालणाऱ्या रूपापुरती होती. डॉक्टरेटसाठी झटणाऱ्या तरुणाला याहून मोठे आव्हान कोणते हवे?

पैशाची सबबही आता पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. २०१८ च्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीत दरमहा ७० ते ८० हजार रुपयांची तरतूद झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत अशा दहा हजार शिष्यवृत्त्या देण्याची घोषणा झाली. फर्मागुडीस २०१६ पासून आयआयटी आहे. तिच्या जागेवरून गोव्यात रणे माजली. जमिनीचा प्रश्न क्षुल्लक होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या संस्थेत संशोधन कोणते व्हावे आणि त्यात आमची मुले किती असावीत, याची चर्चा कोणी केली?

पदवी हाती पडताच पुण्या-बंगळूरची नोकरी गाठणाऱ्या मुलांना आम्ही दोष देत नाही. घरची गरज त्यांनाच ठाऊक. पण पाच वर्षे संशोधनात घालविणे म्हणजे आयुष्य वाया घालविणे, ही पालकांची समजूत बदलली पाहिजे. आज आपली वीज, बँका आणि इस्पितळे ज्या पायावर उभी आहेत, तो बहुतांशी परक्यांनी घातलेला आहे. त्यावर मजले चढविणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पायाला तडा गेला तर तो ओळखणारे मात्र आपल्यालाच घडवावे लागतील.