वाळवंटात नुसते पाणी पुरत नाही
अमेरिकेच्या युटा राज्यातील कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला व्हाइट रिम रस्ता सुमारे १६० किलोमीटरचा. वाटाड्यासोबत तीन-चार दिवस सायकल, रात्री तंबू. वाटेत पिण्याचे पाणी कुठेच नाही. ते सोबतच्या गाडीतून न्यावे लागते. कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच उडून जातो, किती गेला ते कळत नाही. मग धास्तीने तहान नसतानाही नुसते पाणी ढोसले जाते. रक्तातले सोडियम उतरते. मळमळ, डोकेदुखी, असंबद्ध बोलणे सुरू होते आणि सोबती म्हणतात, ‘अजून पाणी पाजा!’ तिथेच घात होतो. तहानेप्रमाणे प्यावे, सोबत खारट खावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना धोका अधिक. सायकलचे ब्रेक तपासणाऱ्या आयोजकांनी गोळ्यांची चौकशीही नोंदणीच्या अर्जातच करायला हवी.