उलट्या शर्टांची जोडी

मुलांनो,

परवा वर्गात टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेवरून गप्पा रंगल्या होत्या. चौथीतली एक मुलगी मध्येच म्हणाली, "बाई, मागे जिंकलेला तो छोटा मुलगा आता काय करतो हो?" कुणालाच सांगता येईना. मलाही नाही! पण त्यावरून मला दोन क्रिस आठवले. आज त्यांचीच गोष्ट.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात पहिलीपासूनचे दोन जिवलग दोस्त होते. क्रिस केली आणि क्रिस स्मिथ. एकदा दोघे ग्रीनब्रायर मॉलमध्ये असताना जर्मेन डुप्री नावाच्या तरुणाने त्यांना पाहिलं. डुप्री म्हणजे कुणी मोठा साहेब नव्हे, तोही तेव्हा विशीच्या आतलाच! पण गाणी लिहायचा, संगीत द्यायचा. या पोरांची ऐट त्याच्या डोळ्यांत भरली आणि त्याने त्यांची रॅपची जोडी जमवली. रॅप म्हणजे ठेका धरून, यमकं जुळवत झपाझप बोलणं. जोडीचं नाव ठेवलं 'क्रिस क्रॉस'.

आणि गंमत ऐका. दोघे कपडे उलटे घालायचे! पुढची बाजू मागे. शर्टाची बटणं पाठीवर, पँटची चेनसुद्धा मागे!

१९९२ साली त्यांचं 'जंप' हे गाणं आलं. दोघे अवघे १३ वर्षांचे. अमेरिकेत ते गाणं ८ आठवडे पहिल्या नंबरावर होतं. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनच्या युरोप दौऱ्यात त्याच्या आधी रंगमंचावर यायचा मान त्यांना मिळाला. पोरं उलटे कपडे घालून मिरवू लागली.

आता थोडं गणित करू या. अमेरिकेत पहिल्या अल्बमने ४० लाखांचा टप्पा गाठला. १९९३ च्या दुसऱ्याने १० लाखांचा. १९९६ च्या तिसऱ्याने ५ लाखांचा. आणि चौथा? तो निघालाच नाही.

असं का झालं? एक तर आवाज फुटले, उंची वाढली. तेराव्या वर्षी उलटा शर्ट गोड दिसतो, सतराव्या वर्षी तीच गंमत राहत नाही. 'जंप'चे शब्दही त्यांचे नव्हते, डुप्रीचे होते. त्यात लोकांची आवड बदलली. जरा दणकट, रागीट रॅप चालू लागलं. त्यांनीही तसा बाज घेऊन पाहिला, पण पहिली जादू पुन्हा झाली नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीत डुप्रीच्या कंपनीला वीस वर्षं झाली म्हणून अटलांटात कार्यक्रम झाला. तिथे दोघे मित्र पुन्हा एकत्र उभे राहिले. त्यानंतर तीनच महिन्यांत, १ मे रोजी, क्रिस केली गेला. वय ३४. कारण अमली पदार्थ. प्रसिद्धी ओसरली म्हणूनच असं झालं, असं मी म्हणणार नाही. माणसाचं आयुष्य इतकं सोपं गणित नसतं. पण वाईट वाटतं खरं.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला म्हणूनच आवडला. "कोण जिंकलं?" सगळेच विचारतात. "आता तो काय करतो?" हे फार थोडे विचारतात. पहिला नंबर ८ आठवडे टिकला, पण पहिलीतली दोस्ती शेवटच्या कार्यक्रमापर्यंत टिकली, हेही विसरू नका.

तुमच्याही वर्गात कधीकाळी बक्षीस मिळवून आता मागच्या बाकावर गप्प बसणारं कुणी असेल. उद्या मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी डबा खाल का?

तुमच्या,
बाई