मुठीविना खण

नालासोपारा-विरारच्या वन रूम किचनमध्ये ओट्याखालच्या खणाची मूठ कमरेला लागते, पदर अडकतो. म्हणून काही भगिनी दाबून उघडणाऱ्या, बिनमुठीच्या खणाविषयी आम्हांस विचारतात. जुन्या खणालाही ते जमते. आत स्प्रिंगचा खटका बसवावा, पुढची फळी व चौकट यांत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवावी. नाहीतर दाबणार काय? खण आपोआप आत ओढणारे सॉफ्ट-क्लोज चॅनेल असेल तर त्याची खटक्याशी ओढाताण होते; साधे चॅनेल हवे. डाळ-तांदळाच्या जड खणाला छोटा खटका पुरत नाही. वसईच्या खाऱ्या हवेत स्वस्तातली स्प्रिंग लवकर गंजते. सुऱ्यांच्या खणाला मात्र मूठच राहू द्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. रांगत्या मुलाच्या धक्क्यानेही तो उघडेल.